'घरी पडला' म्हणे!

वऱ्हाडातील शहरे आता आडवी वाढता वाढता उभी वाढू लागली आहेत. अमरावतीत पाहा, अकोल्यात पाहा, जिथे कालपर्यंत एकमजली कौलारू घर होते तिथे चार मजले उभे राहिले आहेत. सकाळी ठिय्यावर उभे राहणारे गवंडी, सेंट्रिंगवाले, रेजा, रंगारी कोण आहेत हे आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. बौद्ध वस्तीतला पोरगा आहे, मातंग आहे, बेलदार आहे, वडार आहे, मुसलमान मिस्त्री आहे, मेळघाटातून पोटासाठी खाली उतरलेला कोरकू आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि ज्याच्या घरात दुकान नाही, तो परांचीवर चढतो आणि त्यातलाच कोणीतरी खाली पडतो.

तो पडला की काय होते? ठेकेदार त्याला ऑटोत घालतो आणि ओळखीच्या दवाखान्यात नेतो. तिथे डॉक्टर विचारतो, "कसं झालं?" कण्हणाऱ्या माणसाच्या आधी ठेकेदारच उत्तर देतो, "घरी पडला साहेब, जिन्यावरून." केसपेपरवर ती ओळ उतरते. सोबत आलेला भाऊ गप्प बसतो, कारण दवाखान्याचा पहिला खर्च ठेकेदार करणार असतो. आमच्या पाहण्यातील जितकी प्रकरणे पुढे कोर्टात अडखळली, त्यातील बहुतेक याच एका ओळीवर अडखळली. दोन वर्षांनी मजूर शपथेवर सांगतो की मी तिसऱ्या मजल्यावरून पडलो. समोरचा वकील शांतपणे पहिल्या दिवसाचा केसपेपर पुढे करतो. मजुराच्या शब्दापेक्षा कागदाचा शब्द जड ठरतो, आणि तो कागद लिहून घेतलेला असतो मालकाने.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे, की जखमी माणसासोबत जो कोणी दवाखान्यात जाईल त्याने तोंड उघडावे. कामावर पडला, अमुक साइटवर पडला, अमुक ठेकेदाराकडे होता, इतक्या फुटांवरून पडला, इतके डॉक्टरला सांगावे आणि ते लिहिले गेले की नाही ते पाहावे. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला बोलवावे. कामावरचा अपघात ही वैद्यकीय-कायदेशीर नोंद आहे, बोलीत जिला 'एमएलसी' म्हणतात. ती झाली की पोलिसांना कळवले जाते, जबाब होतो आणि एक तारीख पक्की होते. पोलीस स्टेशनचे नाव ऐकून आपली माणसे दचकतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण इथे तुमच्यावर गुन्हा नाही, तुमच्या हाडाची नोंद आहे.

आता थोडे हाडांविषयी. उंचावरून माणूस पायांवर पडला तर टाचेचे हाड चेंगरते, आणि तोच धक्का वर चढून कमरेचा मणका दाबतो. टाच एवढी ठणकते की कमरेकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्लास्टर चढते, माणूस घरी येतो, दोन महिन्यांनी चालू लागतो तेव्हा कंबर बोलू लागते. ठेकेदार म्हणतो, हे जुने दुखणे आहे. त्यामुळे पायावर पडलेल्याची टाच मोडली असेल तर कण्याचाही एक्स-रे काढायला डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. हात टेकून पडलेल्याचे मनगट मोडते, कुशीवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा. पडलेल्या माणसाला चौघांनी हातपाय धरून उचलण्याची जी पद्धत आहे ती अत्यंत घातक आहे. मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्यानेच मज्जारज्जूला इजा होऊन माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. सेंट्रिंगची एक फळी साइटवर असतेच. मान आणि पाठ सरळ ठेवून त्या फळीवर त्याला घ्यावे.

आणि हाडवैद्याचे काय? आमच्या खेड्यापाड्यांत आजही मोडलेला हात आधी हाडवैद्याकडे जातो. त्याचे एक कारण गरिबी आहे हे मान्य. पण जखम उघडी असेल, बोटे थंड किंवा बधिर पडली असतील, तर घट्ट बांधलेल्या पट्टीखाली हात सडू शकतो. शिवाय हाडवैद्य एक्स-रे काढत नाही आणि कागद देत नाही. जो उपचार कागदावर नाही तो कोर्टात झालेलाच नसतो. अमरावतीत इर्विनचे जिल्हा रुग्णालय आहे, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. पूर्वीची जीवनदायी योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यात अमरावती होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्यभर चालते. तिच्यातून शस्त्रक्रियेचा खर्च भागू शकतो. पण सहा महिने चूल कशी पेटवायची, याचे उत्तर आरोग्य योजनेत नाही. ते उत्तर नुकसानभरपाईच्या कायद्यात आहे, आणि आपल्या लोकांना त्या कायद्याचे नावही माहीत नसते.

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. २००९ च्या दुरुस्तीने तो 'कर्मचारी नुकसानभरपाई कायदा' झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. नाव बदलले, गाभा तोच राहिला. त्या तारखेच्या आधीच्या अपघाताचा हक्क जुन्या कायद्याने मोजायचा, हे सर्वसाधारण तत्त्व आहे. तेव्हा "तो कायदाच आता रद्द झाला" असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. नव्या संहितेत एक गोष्ट स्पष्ट लिहिली गेली, ती मजुराच्या बाजूची आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून परत येताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो. पहाटे टेम्पोत कोंबून नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी ही लहान बाब नव्हे.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे, की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढे पुरेसे आहे. "तोल त्याचाच गेला, आम्ही काय करणार?" हा बचाव चालत नाही. "दारू प्यायला होता" हा वऱ्हाडातला सर्वांत आवडता बचाव. तो कायद्यात आहे हे खरे, पण नशेमुळेच अपघात झाला हे मालकाने दाखवायचे असते. आणि माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर तो बचावही उरत नाही. मग दुसरा बचाव येतो, "हा आमचा कायमचा माणूस नाही, ठिय्यावरून आजच्यापुरता आणला होता." एकेकाळी यात काहीसे तथ्य होते. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या कामावर नैमित्तिक घेतलेल्या मजुराला जुना कायदा वगळत होता. २००० सालच्या दुरुस्तीने ते वगळणे काढून टाकले. पाव शतक उलटले तरी ठेकेदारांच्या तोंडून ते वाक्य गेलेले नाही, कारण ऐकणाऱ्याला ते खरेच वाटते.

१९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणकोणत्या कामांना संरक्षण आहे त्याची यादी होती. एक मजल्याहून अधिक उंच किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट वा त्याहून उंच इमारतीचे बांधकाम, दुरुस्ती, पाडकाम त्या यादीत होते. बारा फुटांहून खोल खोदकाम होते. विहीर खोदणारा आमचा माणूस बारा फुटांवर थांबत नसतो, हे वऱ्हाडातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे विहिरीच्या पाळूवरून आत कोसळलेला मजूरही या कायद्याचा माणूस ठरतो. पण गावात विहिरीचा अपघात झाला की सरपंच, मालक आणि दोन प्रतिष्ठित बसतात, पंचवीस हजारांवर 'मिटवतात' आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतात की माझी काही तक्रार नाही. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याच्या दृष्टीने रद्दबातल असतो. रकमेबद्दल तडजोड करायचीच असेल तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी दिसली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. अंगठा दिला म्हणून सर्व संपले असे समजून घरी बसलेले कितीतरी लोक आहेत. त्यांचे काही संपलेले नाही.

पैसे किती मिळतात? हिशेब साधा आहे, तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. मजुरीची मर्यादा २००० साली ४,००० रुपये होती, २०१० मध्ये ८,००० झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये १५,००० ठरली. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७ आहे. १५,००० चे ६० टक्के ९,०००. त्याला १८४.१७ ने गुणले की १६,५७,५३० रुपये होतात. त्याची कमावण्याची ताकद कायमची ४० टक्के गेली असे ठरले तर त्यातील ४० टक्के, म्हणजे ६,६३,०१२ रुपये. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, जो २००९ च्या दुरुस्तीने मालकावर आला. हाड जुळले आणि माणूस पुन्हा कामाला लागला तरी मधल्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के रक्कम मिळते. १५,००० मजुरीवर सहा महिन्यांचे हे ४५,००० रुपये होतात. ठेकेदाराने 'माणुसकी म्हणून' हातावर ठेवलेले पाच हजार या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत.

यात मोठी मेख आहे ती 'कमावण्याची ताकद' या शब्दांत. हात तुटला, बोट तुटले, डोळा गेला तर किती टक्के हे कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले असते. मोडून वेडेवाकडे जुळलेले हाड त्या यादीत नाही. तिथे डॉक्टरने ठरवायचे असते. बहुतेक वेळा मजूर सरकारी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणतो, त्यावर लिहिलेले असते, पायाचे अपंगत्व १८ टक्के. विमा कंपनीचा वकील म्हणतो, तर मग द्या १८ टक्के. पण टाच मोडलेला गवंडी शिडी चढू शकत नाही, ओबडधोबड जागेवर उभा राहू शकत नाही, डोक्यावर घमेले घेऊन वळू शकत नाही. कारकुनाची १८ टक्के टाच आणि गवंड्याची १८ टक्के टाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे डॉक्टरकडून केवळ अवयवाचे अपंगत्व लिहून न घेता, हा माणूस अमुक काम करत होता आणि आता त्या कामाची त्याची क्षमता किती उरली, हे लिहून घ्यावे. तशी साक्षही द्यायला लावावी.

हा मुद्दा आमच्या पदरचा नाही. ओरिसातील जयपूर गावात १९६८ साली एका सिनेमागृहात सजावटीचे लाकूडकाम करणारा सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, हे अंशतः अपंगत्व आहे, एक हात तर शिल्लक आहे ना! आयुक्तांनी विचारले, एका हाताने सुतारकाम कसे होते? त्यांनी पूर्ण अपंगत्व धरून ९,८०० रुपये, त्यावर ५० टक्के दंड आणि व्याज लावले. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. प्रताप नारायण सिंह देव खटला म्हणून तो आजही कामगार न्यायालयांत रोज उद्धृत होतो. त्याच निकालात असेही ठरले, की भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, कोर्टाच्या निकालाच्या दिवशी नव्हे. महिन्याभरात दिली नाही तर व्याज लागते, पुढे ते १२ टक्के झाले, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. नऊ हजार आठशे रुपयांसाठी मालक दिल्लीपर्यंत गेला, यावरून मजुराला पैसे देणे या देशात किती जिवावर येते ते दिसते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. कामगारांच्या आरोग्यविम्याचा अडारकर अहवाल १९४४ साली त्यांच्याच खात्याकडे आला, त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आपण त्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत कधी या खात्याचा चित्ररथ पाहिला आहे काय? अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि जवळच मोडलेल्या हाडांचे रुग्णालय आहे. अभिवादनाला येणाऱ्या हजारोंपैकी पाचपन्नास जणांनी वर्षातून काही दिवस त्या रुग्णालयाच्या अस्थिव्यंग वॉर्डात जाऊन केसपेपर वाचले तरी किती हक्क वाचतील! अत्याचाराचे प्रकरण घडले की आपले कार्यकर्ते धावून जातात, आणि गेलेच पाहिजे. परांची तुटून पडलेल्यासाठी मात्र कोणी धावत नाही, कारण तो आपल्याला अपघात वाटतो. जाळी नसते, पट्टा नसतो, कुजलेली बल्ली असते, आणि ती कुजलेली आहे हे ठेकेदाराला आधीपासून माहीत असते.

सरकारी योजनांचीही गंमत पाहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडणे धरलेले आहे, पण ती सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातील एका माणसासाठी. ज्याच्या शेतात झाड आहे त्याला संरक्षण आहे, जो त्या झाडावर चढतो त्या भूमिहीनाला नाही. वरुड-मोर्शीकडे संत्रा तोडणारा शिडीवरून पडला तर त्याला या योजनेत जागा नाही. बांधकाम मजुरांसाठीचा केंद्राचा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राने नियम केले २००७ मध्ये, आणि मंडळ नीट उभे राहिले २०११ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत जे पडले त्यांचे काय झाले हे कोणी मोजलेले नाही. आज नोंदणी आहे, वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. पण तो दाखला ठेकेदार देत नाही, कारण दिला तर मजूर आपला असल्याचे कबूल केल्यासारखे होते. मग ग्रामसेवकाच्या किंवा महापालिकेच्या दारात खेटे. अपंगत्वाची मदतही ७५ टक्क्यांच्या पुढे, म्हणजे वेडी जुळलेली टाच इथेही बाहेरच. तरीही नोंदणी करावीच, मंडळाचे ओळखपत्र हा मजूर असल्याचा पुरावा म्हणून कोर्टात उपयोगी पडतो.

पुराव्यांबद्दल दोन शब्द. हजेरीची वही ठेकेदाराकडे असते, पण आता मजुरी फोनवर येते. ते व्यवहार पुसू नका. साइटवरचे फोटो पोरांच्या मोबाइलमध्ये असतात, तेही ठेवा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे-पत्ते लगेच लिहून घ्या, कारण महिन्याभरात त्यातला एक पुण्याला आणि दुसरा सुरतेला गेलेला असतो. ठेकेदार गरीब निघाला तर त्याच्या वरच्या बिल्डरला धरता येते, कारण आपल्या धंद्याचे काम ठेक्याने देणारा मुख्य मालकही भरपाईला जबाबदार असतो. ज्याने स्वतःला राहण्यासाठी घर बांधायला दिले त्या साध्या घरमालकाला मात्र या कलमाखाली ओढता येत नाही, तिथे ठेकेदारच मालक. हे सांगण्याचे कारण, काही वकील उगाच दहा जणांना प्रतिवादी करतात आणि प्रकरण लांबते. रेजांचे प्रकरण असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. नवराबायको दोघे साइटवर असतात आणि मजुरी नवऱ्याच्या नावाने एकत्र येते, त्यामुळे बाईची वेगळी मजुरी कागदावर कुठेच नसते. ती वेगळी लिहून घ्यायला लावा, नाहीतर उद्या तिला 'नवऱ्यासोबत आली होती' असे म्हटले जाते.

ज्या कारखान्यात राज्य विमा लागू आहे, दालमिल असो की जिनिंग, तिथल्या विमाधारक कामगाराने या कायद्याखाली नव्हे तर विम्याकडे जायचे. तिथे दावा वेगळा, फॉर्म वेगळा.

अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. योग्य कारण दिले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. मालकाला लेखी नोटीस लगेच द्यावी. नोटीस राहून गेली पण मालकाला अपघात माहीतच होता, तर तेवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. आजवर असे दावे अमरावती आणि अकोल्याच्या कामगार न्यायालयांतच चालत आले आहेत, आणि निकालाविरुद्ध मालकाला नागपूर खंडपीठात जायचे तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागते. वकिलाची फी हे कारण पुढे करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. जातीचा दाखला, केसपेपरची झेरॉक्स, एक्स-रे आणि साधा अर्ज घेऊन तिथे जायचे. मागच्या दिवाळीच्या सुमारास जे पडले, त्यांची दोन वर्षे अजून भरायची आहेत.